पुरानंतरची गौर

"आधी डोळे सांगा," हसन पेंटर म्हणाला.

त्याने पुठ्ठ्यावर कागद चिमट्याने अडकवला होता आणि पेन्सिलीचं टोक कागदापासून वीतभर वर धरलं होतं. दुकानाच्या भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीला पुराची रेघ उमटली होती. रेघेखाली सगळं तपकिरी, रेघेवर सगळं पूर्वीसारखं. रंगाचे डबे फुगून कोपऱ्यात पडले होते आणि कुणाच्या तरी किराणा दुकानाची अर्धवट रंगवलेली पाटी चिखलाने माखून भिंतीला टेकली होती.

"काळे होते," मी म्हणालो.

"काळे सगळ्यांचेच असतात, आवटी. मोठे की बारीक? बाहेरची कड वर चढलेली की खाली उतरलेली?"

"मोठे. लहान मुलांचे असतात तसे."

पेन्सिल हलली नाही. हसनने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मग काहीच घाई नसल्यासारखं त्याने नाकाचं विचारलं, कपाळाचं विचारलं, हनुवटी टोकदार होती की गोल ते विचारलं. मी दर वेळी तोंड उघडत होतो आणि तेच सांगत होतो, लहान मुलांचं असतं तसं. माझी कस्तुरी खांद्यावर झोपली की किती जड लागायची ते मला सांगता आलं असतं. बालवाडीतून येताना ती कुठल्या वळणावर थांबून मला हाक मारायची, तेही. तिचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा होता. पण तोंड नव्हतं. आठवायला गेलो की फोटोतला मागचा पडदा आठवायचा, पडद्यावर रंगवलेलं कारंजं आठवायचं, चौकटीला घातलेला चंदनाचा हार आठवायचा. मधली जागा मोकळी.

"राहू दे आज," हसन म्हणाला. "वहिनींना विचारून या."

वहिनींना विचारता आलं असतं तर मी त्याच्याकडे आलोच नसतो.

ही गोष्ट सांगलीतल्या मोठ्या पुराच्या वर्षीची. मी तेव्हा मार्केट यार्डात एका हळदीच्या गोदामात कामाला होतो. मी आणि माझी बायको शालन, आम्ही दोघंच गावभागातल्या एका बैठ्या घरात राहायचो. कस्तुरी आमची एकुलती एक. बालवाडी संपवून पहिलीत जायच्या उन्हाळ्यात तिला ताप आला, मेंदूत गेला, आणि ती गेली. त्याला काही वर्षं होऊन गेली होती. दुसरं मूल झालं नाही. तिचा धड म्हणावा असा एकच फोटो होता, बालवाडीत घातलं त्या दिवशी स्टुडिओत नेऊन काढलेला. ती गेल्यावर तोच मोठा करून चौकटीत घातला. शालन रोज सकाळी पदराने काच पुसायची आणि पुसता पुसता त्या फोटोशी बोलायची. भाजी काय केली, कोण येऊन गेलं, पावसाने वाळवण कसं भिजलं, असलं साधंच. मी ते ऐकत चहा प्यायचो. आमचं बरं चाललं होतं, असं मी म्हणेन.

पुराचं पाणी आलं तेव्हा होडीतून आम्हाला काढून एका शाळेत नेलं. फोटो राहिला. शालनला परत जायचं होतं, पण होडी भरलेली होती आणि नावाडी थांबायला तयार नव्हता. पाणी उतरल्यावर घरी आलो तर चौकट खिळ्यालाच होती. पाणी तिच्याही वर हातभर चढून गेलं होतं. काच चिखलाने भरलेली. शालनने ती भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेतली आणि पदराने पुसायला लागली. बाहेरचा चिखल निघाला. मग ती आणखी जोराने पुसायला लागली. मी तिच्या मागे उभा होतो, मला दिसत होतं की जे पुसायचं आहे ते काचेच्या आतल्या बाजूला आहे. फोटो काचेला चिकटून विरघळला होता. खाली बूट घातलेले दोन पाय होते, फ्रॉकची झालर होती. वर नुसता पिवळट डाग.

तिला हे कळायला वेळ लागला. कळल्यावर ती रडली नाही. चौकट तशीच मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला विचारायला सुरुवात केली. तीट मी तिच्या कुठल्या गालाला लावायची? तिचे कान माझ्यासारखे होते की तुमच्यासारखे? मी काहीतरी उत्तर द्यायचो. ती माझ्याकडे बघायची आणि तिला कळायचं की मी अंदाजाने बोलतोय. मग एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती म्हणाली, "मला तिचं तोंड दिसत नाही हो. डोळे मिटले की पाणीच दिसतंय."

त्यानंतर तिचं जेवण तुटलं. ताट पुढे ठेवलं तर दोन घास मोडायची आणि हात धुवायची.

मी फोटो शोधायला निघालो. स्टुडिओवाले झाकीरभाई दुकानातला गाळ फावड्याने काढत होते. जुन्या निगेटिव्हांचे डबे त्यांनी मला उघडून दाखवले, आत राखेच्या रंगाचं पाणी. माझ्या मेहुण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये कस्तुरी असल्याचं मला आठवत होतं, म्हणून मी तासगावला त्याच्या घरी गेलो. ती होती. एका फोटोत तिची पाठ आणि दोन वेण्या होत्या, दुसऱ्यात तिच्या तोंडासमोर वाढप्याचा हात आला होता. तो अल्बम मी शालनला दाखवलाच नाही.

तासगावहून परत आलो तर घराला कडी घातलेली. शेजारच्यांना काही माहीत नव्हतं. मी गल्लीत शोधलं, देवळात शोधलं, आणि मग पाय आपोआप नदीकडे वळले. दुपारची वेळ होती. घाटावर गाळ अजून तसाच होता, त्यातून कुणी चालत गेल्याच्या खुणा होत्या. शालन अगदी खालच्या पायरीवर बसली होती, पिंढऱ्या पाण्यात. मी हाक मारली नाही. मागून जाऊन तिचा दंड धरला.

"इथंच कुठंतरी असेल," ती म्हणाली. "सगळं इथंच वाहत आलंय ना."

मी तिला घरी आणलं. त्या दिवसापासून तिला एकटं टाकून कामावर जायची मला भीती वाटू लागली. गोदामात भिजलेली हळद कुजून तिचा उग्र वास सुटला होता, ती उपसून टाकायचं काम होतं. मी पोतं उचलायचो आणि मनात घाटाची खालची पायरी यायची. शेजारणीला सांगून ठेवलं होतं, पण शेजारीण तरी किती लक्ष ठेवणार, तिचंही घर चिखलातच होतं.

अशात मला हसन पेंटर आठवला. आमच्या भागातल्या दुकानांच्या पाट्या, मंडळांचे फलक, कुस्तीच्या मैदानाची जाहिरात, सगळं त्याच्या हातचं. मी त्या पाट्यांखालून वर्षानुवर्षं गेलो होतो, पण त्या रंगवणाऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो माणसांचे चेहरे काढतो एवढं ऐकून होतो. म्हणून गेलो, आणि काय झालं ते सांगितलंच.

हसनने मात्र सोडलं नाही. माझ्याकडून काही निघत नाही म्हटल्यावर त्याने मला समोर बसवून माझंच तोंड काढलं. मग एका संध्याकाळी घरी येऊन, शालनशी इकडचं तिकडचं बोलता बोलता, तिचं काढलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याने आमच्या दोघांतून एक मूल जुळवलं. माझ्या भुवया, तिचा ओठ, गाल दोघांचे मिळून. त्यावर रंग चढवला, केसांना दोन लाल फिती बांधल्या. चित्र इतकं सुंदर झालं होतं की मला वाटलं, हीच. हीच असणार. मी ते फडक्यात गुंडाळून घरी नेलं आणि शालनच्या पुढे उघडलं.

तिने बराच वेळ पाहिलं. बोटाने एका फितीला हात लावला.

"पोरगी गोड आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

मी ते चित्र परत द्यायला गेलो तेव्हा हसनला काय झालं ते सांगितलं. तो ब्रश धूत होता. धुणं थांबवून तो म्हणाला, की असंच होणार हे त्याला माहीत होतं, पण करून बघितल्याशिवाय राहवलं नाही. गावभागात एक बाई रांगोळीतून हुबेहूब माणसं काढत, त्यांच्याकडेही मी गेलो होतो. त्यांनी खोटी आशा न लावता सांगितलं की फोटोशिवाय त्यांचा हात चालत नाही. हे ऐकून हसनने मला कुंभारवाड्यातल्या गोदाक्काचं नाव सांगितलं. ती गौरीचे मुखवटे करायची. "म्हातारी आहे, तिरसट आहे," तो म्हणाला, "पण मी सपाटावर काम करणारा माणूस. तुम्हाला पाहिजे ते सपाटावर नाही मिळायचं बहुतेक."

गोदाक्काच्या अंगणात पाय ठेवला आणि मी तिथंच थांबलो. गणपतीला थोडेच दिवस राहिले होते. त्या वर्षीचं तिचं सगळं काम फळ्यांवर तयार होतं, न भाजलेलं, शाडूचं. त्यावर पुराचं पाणी चढलं होतं. फळ्या रिकाम्या होत्या आणि खाली मातीचे ढीग झाले होते. एका ढिगातून सोंडेचं टोक वर आलं होतं, दुसऱ्यातून एक हात, अभय देणारा. म्हातारी त्या ढिगांमध्ये बसून माती गोळा करत होती, पुन्हा मळण्यासाठी. तिच्या बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या. सून तापाने दवाखान्यात आणि मुलगा तिच्यापाशी. मुखवट्यांचे साचे पाण्यात भिजून तडकले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी जो तो मुखवटे मागत होता. आमच्याकडे मुखवटा घरात एकदा आणला की सासूकडून सुनेकडे जातो, माळ्यावर पेटीत जपून ठेवतात. पुराने घरोघरच्या पेट्या भिजवल्या होत्या.

मी माझं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"फोटू न्हाई, काय न्हाई, आन् म्या पोरीला बघितल्याली न्हाई," ती म्हणाली. "देवाचं त्वांड करते म्या. मानसाचं येत न्हाई मला."

मी उठायला पाहिजे होतं. उठवलं नाही. मी तिथंच खाली बसलो, ओल्या मातीत, आणि घाटाच्या पायरीचं तिला सांगितलं, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको हातची चाललीय, म्हणालो. मला दिसतंय आणि मला काही करता येत नाही.

गोदाक्काने हातातला गोळा खाली ठेवला.

"काय करती दिसभर?"

"बसून असते."

"मग हितं आनून बसव. माती मळाया मानूस पायजे मला."

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. मी मरणाचं बोलत होतो आणि हिला मजूर हवा होता. पण दुसरा रस्ताही नव्हता. निदान शालन कुणाच्या नजरेसमोर राहील, एवढा विचार करून मी दुसऱ्या दिवशी तिला कुंभारवाड्यात नेलं. म्हातारी एकटी पडलीय, जरा हाताशी बस, म्हणालो. शालन आली. नाही म्हणायला लागते तेवढी ताकदही तिच्यात नव्हती.

पहिला दिवस ती उंबऱ्याशी बसून होती. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर कोपरापर्यंत मातीने भरलेली. त्यानंतर ती सकाळी माझ्या आधी तयार होऊ लागली. गोदाक्का तिला पंगतीला घेऊन बसायची, समोर म्हातारी भाकरी मोडते आणि आपण नुसतं बघायचं, हे शालनला जमलं नाही. ती थोडं थोडं खायला लागली. पण घरी येऊन बोलायची नाही. आणि कुंभारवाड्यात तिला न्यायला मी आत जाऊ लागलो की उठून दारात यायची.

"तुम्ही आत येऊ नका," तिने मला सांगून टाकलं. "बाहेरूनच हाक मारत जा."

मला वाटलं, माझं तोंड नकोसं झालंय हिला. मी गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागलो. तिथून आत ओल्या फडक्यांखाली झाकलेल्या टोपल्या दिसायच्या, त्यावर काहीतरी वाळत घातलेलं असायचं, तेवढंच.

मधे एक दिवस फार वाईट गेला. ती घरी आली आणि मोरीत बसून हात धूत राहिली. माती केव्हाच निघाली होती तरी घासत होती. मी जाऊन पाणी बंद केलं. तिचे हात लालभडक झाले होते.

"येत नाही," ती म्हणाली. "हातात येतं आणि जातं."

माती नीट मळली जात नसेल, असं समजून मी म्हणालो, येईल हळूहळू, नवीन काम आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी भलतंच काहीतरी बोलून बसलोय. दुसऱ्या दिवशी ती जाणार नाही असं मी धरून चाललो होतो. आणि नाही गेली तर पुढे काय, याचा विचार करायची माझी हिंमत नव्हती. पण ती गेली. माझ्या आधी उठून, अंधारलेल्या आभाळाखाली डोक्यावर पोतं घेऊन गेली.

गणपती बसले. त्या वर्षी वाजंत्री नव्हती, आरास नव्हती, निम्म्या घरांच्या भिंती ओल्याच होत्या. गौरी यायच्या आदल्या दिवशीपर्यंत शालन कुंभारवाड्यात होती. गौरी आल्या त्या दिवशी ती घरी राहिली. आमच्याकडे कस्तुरी गेल्यापासून गौर बसवत नव्हते. ती दिवसभर पडून होती, भिंतीकडे तोंड करून, आणि मला पुन्हा धास्ती वाटू लागली. काम होतं तोवर तिने धरून ठेवलं, आता काम संपलं.

दुसऱ्या दिवशी, गौरी जेवणाच्या दिवशी, घोरपडे बाईंनी शेजारच्या मुलीबरोबर निरोप पाठवला की आवटींना जरा घरी बोलावलंय. बाई कस्तुरीच्या बालवाडीच्या. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. रस्त्यात गाठ पडली की बोलायच्या, पण घरी कधी बोलावलं नव्हतं. मला वाटलं काही उचलायचं-हलवायचं काम असेल. शालनला शेजारणीच्या भरवशावर सोडून मी गेलो.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं. बाहेरच्या खोलीत गौर बसवली होती. हिरवी साडी, हातभर बांगड्या, नाकात नथ, भोवती तेरड्याची फुलं. मी सवयीने हात जोडले आणि वर पाहिलं.

खालच्या ओठाची डावी कड किंचित आत ओढलेली होती. कस्तुरी खोटं बोलायच्या आधी तशी ओठ आत घ्यायची. गूळ कुणी खाल्ला म्हणून विचारलं की आधी ओठाची कड आत जायची आणि मग तोंडातून मांजराचं नाव निघायचं. हे मला त्या क्षणापर्यंत आठवत नव्हतं. ओठ दिसला आणि मग बाकीचं सगळं जागच्या जागी आलं. उजवी भुवई डावीपेक्षा जराशी वर. कपाळ माझ्या आईचं, पुढे आलेलं. हनुवटी गोल होती, हसनने विचारलं होतं ना, गोल होती. नथीच्या आणि कुंकवाच्या मागून माझी पोरगी माझ्याकडे बघत होती आणि आता खोटं बोलणार होती.

मी खाली बसलो. माझे हात जोडलेलेच होते.

"काल मुखवटा बसवला तेव्हापासून बघतेय," घोरपडे बाई माझ्या मागून म्हणाल्या. "आवटी, मला सारखं वाटतंय की हिला मी शिकवलंय."

त्यांच्या घरातून मी कसा बाहेर पडलो ते आठवत नाही. गल्लीत पुढच्या घराचं दार उघडं होतं. मी आत डोकावलो. तिथंही तीच, लाल साडीत. त्याच्या पुढच्या घरी जुनाच मुखवटा होता, पितळेचा. वळणावरच्या कासारांच्या घरी पुन्हा ती. लोकांना वाटायचं मी दर्शनाला आलोय, आत या म्हणायचे, हातावर प्रसाद ठेवायचे. मी गल्लीमागून गल्ली फिरत राहिलो. मुठीत साखर-खोबरं साचत गेलं, ओलं झालं, बोटांना चिकटलं. कुठे तिचं नाक रंगवणाऱ्याने जरा जास्त लाल केलं होतं, कुठे डोळ्यांत काजळ जाड झालं होतं, पण ओठाची ती कड सगळीकडे होती. एका घरी दोन गौरी बसवल्या होत्या, दोन्हींची तोंडं तिचीच. मी त्या घरातल्या आजींच्या देखत ढसाढसा रडलो. त्यांनी मला पाणी दिलं, विचारलं काही नाही. पुराच्या वर्षी कुणी रडलं तर कुणी कारण विचारत नसे.

घरी आलो. शालन उठून बसली होती. तिने माझ्या हातातला तो चिकट प्रसाद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती भिंतीला पाठ लावून ताठ झाली, जसं कुणी आता मारणार असावं.

"कुणाकडे गेला होता?"

"घोरपडे बाईंकडे. मग सगळीकडे."

ती वाट बघत राहिली. मी तिच्या पुढ्यात बसलो.

"ओठ," मी म्हणालो. "ती अशी करायची." आणि मी माझ्या ओठाची कड आत घेऊन दाखवली.

शालनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी ऐकला नव्हता, कस्तुरी गेली तेव्हाही नाही. ती माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडायला लागली आणि रडता रडता बोलायला लागली. तिने सांगितलं, की डोळ्यांना काही केल्या आठवत नव्हतं. पण माती मळता मळता एकदा अंगठा असा वळला, जसा तिला न्हाऊ घालताना कानामागे वळायचा, आणि हाताला काहीतरी माहीत असल्यासारखं वाटलं. मग ती डोळे मिटून करायला लागली. जमायचं, मोडायचं. एकदा जमलं तेव्हा गोदाक्काने बघितलं आणि म्हणाली, राहू दे, आता हात लावू नकोस. गौर म्हणजे कुणाची तरी लेकच माहेराला येती, मग ही का नको. म्हातारीने त्या तोंडावरूनच नवा साचा घेतला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मला आत का येऊ दिलं नाहीस?"

तिने डोकं वर केलं.

"मला कुठं खात्री होती? मी तिचं म्हणून केलं, पण ते तिचंच आहे हे मला कसं कळणार? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. हसनभाईंच्या चित्रालासुद्धा तुम्ही हो म्हणाला असता. कुणी न सांगता तुम्ही ओळखायला पाहिजे होतं."

ती पदराने तोंड पुसत पुढे म्हणाली, आता हळूहळू, शब्द निवडून, "आपल्याकडे एकच होती हो. म्हणून गेली. आता कितीही पाणी येऊ दे, एखाद्याच्या माळ्यावर तरी राहीलच की."

त्यानंतर तिने जे केलं ते मला अजून लख्ख दिसतं. ती उठली, तोंड धुतलं, ट्रंकेतली पुरातून वाचलेली जांभळी साडी नेसली. केस विंचरले. कुणाच्या घरी आहे ते मला पुन्हा विचारलं, जणू गावाहून आलेलं कुणी नेमकं कुठं उतरलंय ते तिला नीट कळून घ्यायचं होतं. आणि ती माझ्या पुढे चालायला लागली.

घोरपडे बाईंनी तिला आत घेतलं, पाटावर बसवलं. शालनने गौरीला हळद-कुंकू लावलं, इतर सवाष्णी लावतात तसंच. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी बाईंकडे. मग नैवेद्याची वेळ झाली म्हणून बाईंनी ताट आणून गौरीपुढे ठेवलं. पुरणपोळी, भाज्या, कटाची आमटी, पोळीबरोबर वाटीत गरम दूध. बाई पाणी फिरवायला वाकल्या तेव्हा शालनने त्यांच्या हाताला हात लावून त्यांना थांबवलं.

"बाई," ती म्हणाली, "दुधावरची साय तेवढी काढा. तिला आवडत नाही."

बाईंनी पळीपंचपात्र खाली ठेवलं, आतून चमचा आणला आणि वाटीतली साय अलगद कडेला ओढून काढून घेतली.